घरजावई लेन्स

शनिवार, २ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. माझा नमस्कार तुला अजून चालत असेल तर घे, नाहीतर वहिनीला देऊन टाक.

टाइप केलेलं पत्र बघून ‘ही कुठली नोटीस आली’ म्हणून घाबरू नकोस. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत. हल्ली हाताने लिहायची सवयच गेली. फोन केला असता, पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथं बोलायला कुणी उरत नाही. पत्रात निदान माझं बोलणं पूर्ण होतं.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, तोंड अजिबात दुखत नाही. तू दर महिन्याला तिच्या औषधांचा खोका पाठवतोस, तो रिकामा झाला की ती उलटा करून झटकते. चिठ्ठी असेल म्हणून. मी तिला म्हणते, अगं तो कॅमेरे दुरुस्त करतो, पत्रं लिहायचा कारखाना नाही काढलेला त्याने. ती म्हणते, तू गप्प बस.

माझी नोकरी तीच. कुणाला घर विकायचं असलं की आम्ही जाऊन खोल्या मोजायच्या, भेगा, ओल, गंजलेल्या खिडक्या, सगळ्याचे फोटो काढायचे आणि हे घर किती किमतीचं ते साहेबांनी ठरवायचं. दिवसाला चार घरं. कधी पाच. सगळी पायपीट.

तर कामाचं बोलते. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स मेली. जिन्यात पडला. कॅमेरा वाचला, मार सगळा लेन्सने खाल्ला, पुढची काच गेली. कसा पडला ते सोड. आता नवी लेन्स हवी, आणि परवडणारी हवी, कारण ऑफिस एक पै देणार नाही. दुकानदार पस्तीसची फिक्स दाखवतो, जवळ-लांब काही होत नाही तिने. स्वस्त आहे, हलकी आहे, अंधाऱ्या खोलीतही छान चालते. पण छोट्या न्हाणीघराचा फोटो काढायला मला भिंत फोडून शेजारच्यांकडे जावं लागेल. अठरा-पंचावन्न म्हणजे पुन्हा जुनीच, तिने छपराच्या कडेची भेग दिसत नाही. अठरा ते दोनशे आहे, पण ती गळ्यात अडकवली की संध्याकाळपर्यंत मान खाली ती खालीच. मधली एक आहे, अठरा ते एकशे पस्तीस. तीच घ्यावी असं वाटतं, पण तुला विचारल्याशिवाय धीर होत नाही. बाबा अशा लेन्सला घरजावई म्हणायचे, आठवतं? एकदा कॅमेऱ्यावर चढली की उतरायचं नाव नाही. मला तसला घरजावई हवा.

आणि हो, लेन्समध्ये ते हाताची थरथर रोखणारं बटण असतं ना, त्याचा खरंच उपयोग होतो का? तू बाबांच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांना सांगायचास, ‘हात असताना कुबडी कशाला?’ म्हणून विचारलं. सहज.

उत्तर लवकर दे. सध्या मोबाईलवर भागवतेय आणि साहेब रोज डोळे वटारतात.

तुझी,
चिंगी


रविवार, १७ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं. वहिनीचं अक्षर बघून आधी वाटलं तूच गेलास की काय. मग वाचलं की तुझा चष्मा दुकानात टाकलाय म्हणून तू सांगितलंस आणि तिने लिहिलं. आळशी तो आळशीच. आईने ते पत्र उशीखाली ठेवलंय, त्यात फक्त लेन्सबद्दल लिहिलंय तरी.

अठरा ते एकशे पस्तीसच घे म्हणालास, जुनी मिळाली तरी चालेल म्हणालास, आणि थरथर रोखणारं बटण असलेलीच घे, त्याशिवाय घेऊच नकोस असं दोनदा लिहिलंस. तू! कुबडीवाला! माणूस म्हातारा होतो तो असा. असो, ऐकलं. दुकानदाराकडे एक वापरलेली होती, आठ दिवसांत परत करायच्या बोलीवर आणली.

आणि दादा, रागावू नकोस, पण भिकार निघाली.

मी आपल्या पद्धतीनेच परीक्षा घेतली. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चार टाचण्यांनी लावलं, पाच पावलं मागे गेले, कोपरं पोटाशी, श्वास रोखला आणि एकच फोटो. बाबा म्हणायचे तसंच, चारी कोपऱ्यांतला फोन नंबर वाचता आला तर लेन्स पास. माझ्या फोटोत नंबर सोड, जाहिरात खोलीची आहे की म्हशीची तेही कळेना. सगळी अक्षरं दुहेरी. प्रिंट सोबत जोडलीय, बघ.

दुकानदाराकडे गेले तर तो म्हणतो, ‘बाई, स्टँडवर लावून बघितली का?’ मी म्हटलं, आमच्या घरात स्टँडवर परीक्षा घेत नाहीत. स्टँडवर माकडही फोटो काढेल. तो हसला. त्या हसण्याचा मला भयंकर राग आला. भांडले मी, दादा. दुकानात चार माणसं होती, सगळी बघत होती. शेवटी त्याने दुसरा नग दिला, तसाच, जरा नवा. म्हणाला, ‘ही पण नाही आवडली तर या.’

दुसरीची परीक्षा अजून घेतली नाही. पान भिंतीला लावून ठेवलंय चार दिवस. आई विचारते, हे काय नवीन? मी सांगते, उजेड चांगला नाही आज.

परवा साहेबांनी एक फोटो समोर टाकला आणि विचारलं, ‘ही भिंतीतली भेग आहे का तिथे दोरा लोंबतोय?’ मोबाईलवर काढलेला होता तो. मी म्हटलं, मोबाईलच भंगार आहे. ते म्हणाले, ‘मागच्या महिन्यात कॅमेरा भंगार होता.’ त्यांचं बोलणं मनावर घ्यायचं नाही असं ठरवलंय.

दोन नगांमध्ये दोन्ही खराब निघू शकतात ना? तू तर रोज लेन्स उघडतोस. असं होतं ना कधी? होतं असं मला लिही.

तुझी,
चिंगी


गुरुवार, २८ मार्च

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. आज ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवून बसलेय. मध्येच उठले तर हे पत्र कधी पुरं होणार नाही.

दुसऱ्या लेन्सची परीक्षा घेतली. तेच. मी परत दुकानात गेले. या वेळी दुकानदार हसला नाही. त्याने माझ्यासमोर कॅमेरा स्टँडवर लावला, ते थरथरीचं बटण बंद केलं, समोरच्या कपाटावर औषधाचं एक खोकं ठेवलं आणि फोटो काढला. मग पडद्यावर मोठा करून दाखवला. दादा, त्या खोक्यावरची मुंगीएवढी तारीख वाचता येत होती. मग स्टँडवरून काढून त्याने स्वतःच्या हाताने काढला. तोही स्वच्छ. मग कॅमेरा माझ्या हातात दिला. मी घेतला नाही. पर्स उघडून काहीतरी शोधत बसले. तो बिचारा हळू आवाजात म्हणाला, ‘लेन्स चांगली आहे, बाई.’

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कॅमेरा जिन्यात पडला. पडला नाही. माझ्या हातून सुटला. उजवा हात, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. पाच महिने झाले. सुरुवातीला पेन धरताना व्हायचं, म्हणून टाइप करायला लागले. हे पत्रही टाइपच केलंय. मला वाटायचं थकवा असेल, झोप नसेल, जड कॅमेरा वाहून वाहून होत असेल. म्हणून तर हलकी लेन्स, हलकी लेन्स करत होते. मला लेन्स नको होती रे, मला लेन्सचा दोष हवा होता.

बाबांनीही तीन लेन्स परत केल्या होत्या. तीन! आपण किती हसलो होतो. तू त्यांची नक्कल करायचास, दुकानदाराशी भांडतानाची.

आणि आता ते, जे मी सतरा वर्षं मूग गिळून बसलेय.

मला माहीत होतं. तू त्यांना बोललास त्याच्या दोन महिने आधीपासून. एका दुपारी स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यांनी मला बोलावलं, हात टेबलावर पसरला आणि म्हणाले, ‘बघ, थांबत नाही.’ कागद कापायच्या पट्टीवर त्यांची बोटं टक टक वाजत होती. मी रडायला लागले तर म्हणाले, ‘दादाला सांगू नकोस. तो चांगल्या मनाने करेल, पण कॅमेरा काढून घेईल माझ्याकडून.’ मी शब्द दिला. मग तो दिवस आला. पासपोर्टच्या फोटोसाठी ते नवरा-बायको आले होते, बाबांचे तीन फोटो हलले, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, ‘बाबा, आज सकाळीच पिऊन आलात का?’ मी काउंटरवर फोटो कापत उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. ‘दादा, त्यांना बरं नाहीये.’ एवढंच. मी मान खाली घालून फोटो कापत राहिले. बाबांनी लेन्सवर टोपण लावलं, कॅमेरा तुझ्यापुढे ठेवला आणि त्यानंतर कधी हातात धरला नाही.

वर्षभराने डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तू घर सोडून गेलास. बाबा गेले तेव्हा दोन दिवस आलास, कोपऱ्यात बसलास आणि परत गेलास. सगळ्यांना वाटतं तू रागावून गेलास. मला माहीत आहे तू लाजेने गेलास. तू स्वतःलाच खातोयस इतकी वर्षं, आणि त्यातला अर्धा वाटा माझा आहे. मी तोंड उघडलं असतं तर तू ते बोललाच नसतास. मला माफ कर, नाहीतर नको करूस, पण हे तुला कळायला हवं होतं.

मला भीती वाटते, दादा. खूप वाटते. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी हाताकडे लक्ष देते. हात शांत असतो तेव्हा वाटतं, गेलं. मग ब्रश हातात घेते. बाबांचं शेवटचं वर्ष आठवतं, आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची आणि ते खिडकीकडे बघत उभे राहायचे. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, मुलांपैकी कुणाला कधी असं वाटलं तर वेळ घालवू नका, लगेच या. मी पाच महिने घालवले. गेले नाही तोवर मला काही झालेलं नाही, असा माझा हिशोब.

मी आईला काही सांगितलेलं नाही. पण काल संध्याकाळी तिने मला चहा दिला. अर्धा कप.

तुला आठवतं ना, ती बाबांना शेवटी शेवटी अर्धाच कप द्यायची, सांडू नये म्हणून. मग ते संपवले की उरलेला अर्धा. काल मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी अर्धा प्यायले, तिने न विचारता परत अर्धा ओतला.

चिंगी


मंगळवार, ९ एप्रिल

प्रिय दादा,

हे पत्र हाताने लिहितेय. तिसरा कागद आहे. अक्षर बघून घे, ओळ कशी उताराला लागलीय. पण लिहितेय.

तुझं पार्सल काल आलं. आईने नेहमीप्रमाणे आधी खोका झटकला आणि या वेळी खरंच चिठ्ठी पडली. ती माझ्यासाठी होती म्हणून तिने न वाचता दिली, आणि माझं वाचून होईपर्यंत समोर बसून राहिली.

परत वहिनीचंच अक्षर. चष्मा अजून दुकानातच का रे? महिना होऊन गेला.

तू लिहिलंयस, दुसरी लेन्स शोधू नकोस, ही माझी घे, अठरा ते एकशे पस्तीस, मला आता लागत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, मनगटाला दोन वेढे घाल. कोपरं पोटाशी नको, बरगड्यांना टेकव. खोलीत असशील तर दाराच्या चौकटीला खांदा लाव. एकच फोटो काढू नकोस, बोट दाबून ठेव आणि तीन काढ, पहिला आणि शेवटचा हलतो, मधला चांगला येतो. आणि शेवटी, त्या दिवशीच्या गोष्टीबद्दल: ‘तू तेव्हा लहान होतीस.’

सव्वीस वर्षांची घोडी होते मी, दादा. पण तू म्हणालास ते मी ठेवून घेते. किती रडले ते आईला विचार.

मग मी लेन्स हातात घेतली. तुझी वापरातली, कडेला झिजलेली. फिरवायच्या कड्यावर तू जाड रबर गुंडाळलंयस, घट्ट पकड यावी म्हणून. ठीक आहे, म्हटलं, सवय असेल. मग बटण बघितलं. थरथर रोखणारं. ते चालू करून त्यावर तू चिकटपट्टी लावलीयस. एक नाही, तीन थर. जुनी, कडा काळ्या पडलेल्या. कधी चुकूनही बंद होऊ नये म्हणून.

मी ती पट्टी नखाने खरवडत बसले आणि हळूहळू मला सगळं कळत गेलं. बाबांनी एकच फोटो काढायला शिकवलं होतं, तिनांतला मधला घ्यायला नव्हे. चौकटीला खांदा लावायला आपल्या घरात कुणी शिकवलं नाही. मी घाबरून पाच महिन्यांत जे शोधलं नाही ते तुला तोंडपाठ आहे. आणि बारीक स्क्रू लावणारा माणूस ‘मला आता लागत नाही’ म्हणून आपला घरजावई घरातून काढतो, आणि महिनाभर चष्म्याशिवाय बसतो?

दादा, तुझाही हात थरथरतो ना?

किती दिवस झाले? वर्ष? त्या चिकटपट्टीकडे बघून दोन तरी वाटतात. दुकान चालू आहे का? स्क्रू कोण लावतं, वहिनी? आणि आपण दोघं काय वेडे आहोत रे, मी टाइप करतेय, तू बायकोकडून लिहून घेतोयस, दोघंही एकमेकांना लेन्सचे भाव विचारतोय!

आईला मी विचारलं, तुला कसं कळलं? माझं. ती म्हणाली, ‘तू कप दोन हातांनी धरायला लागलीस.’ मग म्हणाली, ‘तो पण मागे आला होता तेव्हा दोन हातांनीच पीत होता.’ तीन वर्षांपूर्वी, तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आला होतास ना, तेव्हा. तिला तीन वर्षं माहीत आहे, दादा. म्हणून ती खोके झटकते.

आज सकाळी तुझी लेन्स लावून पहिलं घर केलं. पट्टा मनगटाला, खांदा चौकटीला, तीन फोटो. मधला स्वच्छ आला. न्हाणीघराच्या कोपऱ्यातली केसाएवढी भेग दिसली. साहेब म्हणाले, ‘आता कसं!’ मी जिन्यात येऊन बसले आणि हातांनी तोंड झाकलं, कारण रडू आलं ते आनंदाने की भीतीने ते मलाच कळेना. भीती गेलेली नाही. आज दुपारी तर जास्तच वाटतेय. पण पाच महिने ती एकटीची होती, आता तिला चौकट सापडलीय खांदा लावायला.

परतताना हॉस्पिटलवरून आले. बाबांचे डॉक्टर आता नाहीत, त्यांची मुलगी बसते. काउंटरवरच्या बाईने वही उघडून विचारलं, ‘पेशंट कोण?’ मी माझं नाव सांगितलं. तिने लिहून घेतलं आणि म्हणाली, ‘एकच ना?’

मी म्हटलं, ‘दोन. भाऊ येतोय.’

बावीस तारीख, सोमवार, सकाळी साडेदहा. तुझं नाव माझ्या खाली लिहिलंय, वयाने मोठा असलास तरी. आदल्या दिवशी ये. तू येणार हे आईला मी सांगितलेलं नाही, पण तिने आताच कपाटातून चार कप काढून धुऊन ठेवलेत, आणि चौथा वहिनीचा आहे म्हणे.

येतोस की नाही ते कळव. फोन नको, वहिनीचं अक्षरही नको. तुझ्या हाताने लिही. एकच शब्द लिही, कितीही हलू दे. मी वाचेन.

तुझी, आणि तुझ्यासारखीच,
चिंगी